दोन घासांचा आकडा

भोईरकाकांना एका वाक्यापेक्षा जास्त काही बोलायचं असलं की ते आधी दुकानाचं शटर खाली ओढतात. मग पंखा बंद करतात. मग स्वतःचा मोबाइल बंद करतात, समोरच्याचा मागून घेतात, आणि दोन्ही मोबाइल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून वर झाकण दाबतात. मग उजव्या हाताचा पंजा ट्रॅफिक हवालदारासारखा वर धरून बोलायला लागतात. बोलणं काय असतं? "उद्या मी शेलारला जाणार हाय. संध्याकाळपर्यंत येत न्हाय." एवढंच.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसामागे पोलीस तरी लागलेत किंवा सासुरवाडी तरी.

धामणकर नाक्यावर त्यांच्या दुकानाला लागून दीडएक वर्षापासून माझा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. मध्ये प्लायवुडचं एक पार्टिशन, तेही मांजर अंग घासून गेली तर हलणारं. त्यामुळे त्यांच्याकडच्या सोल्डरिंगचा धूर माझ्याकडे येतो आणि माझ्या पेशंटची दुखणी त्यांच्याकडे जातात. काका मूळचे कोन गावचे. रोज शेअर रिक्षाने येतात आणि पॉवरलूमला लागणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवतात. धागा तुटला की लूम थांबवायचं, कापड किती विणलं ते मोजायचं, असली कामं ते बोर्ड करतात. नाक्यापासून शेलार गावापर्यंतच्या निम्म्या कारखान्यांत भिंतीवर काकांचा एखादा डबा लुकलुकत असतो.

तर ते शटर. बोलणं संपलं की काका "झालं, चालू" असं जाहीर करतात आणि सगळं पूर्ववत करायला लागतात. पूर्ववत म्हणजे अगदी पूर्ववत. त्यासाठी दारामागे एक काळी पाटी टांगलेली आहे. बोलण्याआधी तिच्यावर खडूने लिहायचं: शटर अर्धं, पंखा दोनवर, रेडिओ बंद. नंतर पाटी बघून जे जसं होतं ते तसं करायचं. एकदा बोलण्याच्या मध्येच लाइट गेले. काकांनी बोलणं पुरं केलं, पाटी वाचली, घामाघूम अंगाने उठून पंख्याचं बटण दोनवर फिरवलं आणि समाधानाने खाली बसले. पंखा हूं की चूं करेना. "माझं काम झालं," काका म्हणाले, "आता पुढचं लाइटवाल्यांचं."

दुसऱ्या एका सकाळी मी मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले, तेव्हा शटर अजून उघडलेलंच नव्हतं. काकांनी नियमाप्रमाणे पाटीवर 'शटर खाली' असं लिहिलं, मग मला एका रुग्णाचा निरोप सांगितला. मी पुढून बाहेर पडायला शटरला हात घातला, तर हे आडवे आले. "आधी खाली होतं. म्हणून खालीच राहणार. मी उघडलं तर ज्यानं बंद केलं त्याचं काम बिघडंल."

"तुम्हीच बंद केलं होतंत ना, काल?"

"कालचा मी वेगळा," काका म्हणाले. मी मोरीच्या दाराने, साडी वर धरून, बाहेर पडले.

मी स्वभावाने तापट आहे आणि त्यातून डॉक्टर. शेवटी एक दिवस मी विचारलंच, की हे काय खूळ आहे. काकांना फार आनंद झाला. त्यांनी शटर ओढलं, डबा पुढे केला, पंजा वर केला.

"बघा डॉक्टरीणबाई, आमच्या बोर्डातली चिप आठ बिटांची. म्हणजे तोंड लहान. दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा एका घासात खाते. पण टायमरचा आकडा मोठा, हजारांत जाणारा. मग त्याचे दोन घास करायचे. आधी वरचा अर्धा भरवायचा. तो ती गिळत न्हाय, गालात धरून ठेवते. मग खालचा अर्धा द्यायचा. तो आला की दोन्ही मिळून एकदम गिळते. कळलं?"

"कळलं. मग अडचण काय?"

"गाल एकच हाय."

मी नकळत स्वतःचा गाल चाचपला.

"टायमरच्या सगळ्या मोठ्या आकड्यांना मिळून एकच गाल. आता वरचा घास गालात हाय, आणि तेवढ्यात मधी दुसरं काम घुसलं. त्यानं आपला घास त्याच गालात कोंबला. आपला गेला. मग आपण खालचा अर्धा देतो, त्याला भलताच वरचा अर्धा चिकटतो. आकडा तर तयार होतो, पण तो कुणीच लिहिलेला नसतो. म्हणून लिहायच्या आधी सगळी दारं बंद. आधी वरचं, मग खालचं, मधी कोणी घुसायचं न्हाय. मग जे दार जसं होतं तसं."

आणि वाचताना उलटं, हेही त्यांनी सांगितलं. चिपमधला आकडा वाचायचा तर खालचा अर्धा आधी उचलायचा. तो उचलला की त्याच क्षणाचा वरचा अर्धा ती गालात सांभाळून ठेवते. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला एक जुना गुंता सुटला. काका लग्नाची पत्रिकासुद्धा खालून वाचतात. आहेर आणू नये, हे त्यांना आधी कळतं. जेवण कुठे, हे नंतर. आणि लग्न कुणाचं, हे सगळ्यात शेवटी. कधी कधी तिथपर्यंत पोचायच्या आत ते जेवूनही आलेले असतात.

हे सगळं ते शिकले अन्सारी शेठच्या कारखान्यात. तिथलं सात नंबरचं लूम रुसायला लागलं होतं. धागा तुटायचा, लूम थांबायचं, कारागीर धागा जोडून बटण दाबायचा. दोन सेकंदांत सुरू व्हायला हवं, तर कधी कधी अर्धं मिनिट ढिम्म. रोज नाही. दोन-तीन दिवसांतून एकदा, लहर लागेल तसं. कारागिरांनी लिंबू-मिरची बांधली. अन्सारी शेठनी ताबीज आणलं. "भोईरभाई, सात नंबर पे किसी का साया है," ते म्हणाले. काका चार दिवस त्या लूमसमोर स्टूल टाकून बसले. पाचव्या दिवशी त्यांना साया सापडला. टायमरचा आकडा भरवताना दोन घासांच्या मध्ये धाग्याचा सेन्सर घुसत होता आणि तोच गाल वापरून जात होता. काकांनी प्रोग्रॅममध्ये तीन ओळी घातल्या: दारांची स्थिती लिहून ठेव, दारं लाव, नंतर होती तशी कर. लूम सुतासारखं सरळ आलं. अन्सारी शेठनी याचं श्रेय लिंबाला, ताबिजाला आणि भोईरकाकांना दिलं, त्याच क्रमाने.

तिथून ते खूळ दुकानात आलं असणार, असं आख्खा नाका समजतो. मीही तसंच समजत होते. शटर खाली असताना आलेलं गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. एकाने तीनदा शटर वाजवलं तरी काका ती एकच हाक धरतात. "चिपलाबी एवढंच कळतं की कोणीतरी आलं होतं. किती वेळा ते न्हाय." गिऱ्हाइकं चिडतात आणि परत येतात, कारण असा बोर्ड दुसरा कोणी बनवत नाही.

दुकानात काकांच्या मागे, भिंतीला टेकून, एका आरामखुर्चीत सुलभावहिनी बसलेल्या असतात. काकांच्या पत्नी. एके काळी बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोनमध्ये कोणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं पुष्कळसं सुधारलं, बोलणं मात्र तुटलं. वाक्याचा पहिला तुकडा येतो, मग मोठं भगदाड, मग कधीतरी दुसरा तुकडा. त्या भगदाडात कोणी शब्द टाकला की सगळंच जातं, पहिला तुकडासुद्धा. मग त्या हातातला स्टीलचा पेला भिरकावतात. माझ्या पार्टिशनला त्याच्या चार खुणा आहेत आणि चारही माझ्या नावावर आहेत. मला दुसऱ्याची वाक्यं पूर्ण करायची खोड आहे. पेशंटने "पोटात" म्हटलं की मी "जळजळ" म्हणून मोकळी होते. माझ्या नवऱ्याने तर वाक्य पूर्ण करणं दहा वर्षांपूर्वीच सोडलंय.

वहिनींनी तोंड उघडलं की काका हातातलं सोल्डरिंग टाकतात. शटर, पंखा, डबा, पंजा. एकदा मी आत सापडले होते. अडीच मिनिटं आम्ही श्वास रोखून उभे.

"तुमी..." वहिनी म्हणाल्या. बाहेर दोन ट्रक एकमेकांवर ओरडून गेले. "...गाढव हाव."

"झालं?" काकांनी अदबीने विचारलं. वहिनींनी मान हलवली. काकांनी पाटी वाचून पंखा लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज पूर्ण बोलली."

"काका, चिपची दारं थोडाच वेळ बंद ठेवायची, असं तुम्हीच सांगता ना? जास्त ठेवली तर तिचं घड्याळ मागं पडतं म्हणून?"

"पडतं," काका म्हणाले. "पडू दे."

त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे, घाई मात्र फार. आईच्या आजारपणानंतर त्याने तिला तीन महिने स्वतःकडे नेलं होतं. आता त्याच्या मनात दोघांना कायमचंच न्यायचं होतं. दुकान बंद, कोनचं घर कुलूपबंद. काका "तुझ्या आईला विचार" एवढंच म्हणायचे. गेल्या पावसाळ्यानंतर एका बुधवारी काका शेलारला बोर्ड बसवायला गेले होते आणि वहिनी माझ्याकडे बसल्या होत्या. नितीनचा मला फोन आला. "डॉक्टर, आईला एकदाच विचारा ना, येते का. माझ्याशी फोनवर तिला बोलता येत नाही."

मी विचारलं. वहिनी सावरून बसल्या. "मला... पुण्याला..."

तेवढ्यात दारात एक बाई रडकं पोर घेऊन आली, आत माझी चहाची कपबशी लवंडली, आणि मी सवयीने म्हणाले, "जायचंय! अहो, मग चांगलंच आहे की!" वहिनींनी तोंड उघडलं, मिटलं, मग डावा हात नुसता हवेत झटकला. मला वाटलं, लाजल्या. मी नितीनला कळवून टाकलं: आई तयार आहे.

कुणीच न बोललेलं वाक्य मी पुण्याला पाठवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. उलट चार दिवस मी स्वतःवर खूश होते.

नितीनने काकांना सांगितलं. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आवराआवरीला लागले. सगळ्या बोर्डांचे नकाशे शेलारच्या एका मेकॅनिकच्या हवाली केले. अन्सारी शेठना नमस्कार करून आले. शेठ माझ्या दवाखान्यात येऊन डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टरसाहिबा, अब सात नंबर को कौन देखेगा?" त्या आठवड्यात शटर एकदाही मध्येच खाली आलं नाही. काका लोकांशी तुमच्याआमच्यासारखे बोलायला लागले, मध्येच, तोडून, कामापुरतं. मला वाटलं, बरं झालं, खूळ गेलं. वहिनी खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मला वाटलं, घर सोडायचं म्हणून असेल.

रविवारी सकाळी नितीन टेंपो घेऊन आला. नाक्यावर टेंपो उभा करायचा म्हणजे पंधरा रिक्षांचा शाप घ्यायचा. "पाच मिनिटांत निघायचंय," तो म्हणाला. टेबल गेलं, कपाट गेलं. काकांनी आपली सोल्डरिंगची पेटी स्वतः उचलून टेंपोत ठेवली. राहिली ती आरामखुर्ची. आणि खुर्चीतून वहिनी उठेनात.

"आई, चल ना."

"मला... पुण्याला..." वहिनी म्हणाल्या.

"हो आई, तिथंच चाललोय," नितीन म्हणाला. मीही सांत्वनाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनींनी आजूबाजूला हातात धरायला पेला शोधला. पेला टेंपोत गेला होता. त्यांचे डोळे भरून आले.

काका दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा माणूस घाबरला आहे. मग ते आत आले आणि त्यांनी शटर ओढलं. पार खालपर्यंत. पंखा बंद केला. डबा टेंपोत गेला होता, म्हणून आमचे मोबाइल त्यांनी स्वतःच्या टोपीत गोळा केले. मग पंजा वर केला.

बाहेर टेंपोवाला शटर वाजवत होता. रिक्षावाले त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते. आत आम्ही तिघं उभे, वहिनी बसलेल्या, एवढेच होतो. तरी मला त्या वेळी खोली गच्च भरल्यासारखी वाटत होती.

"मला... पुण्याला..." वहिनी म्हणाल्या. किती वेळ गेला कोण जाणे. "...सगळं मिळतं. नात... गोड हाय. सून... चांगली."

नितीन बोलायला गेला. पंजा त्याच्याकडे वळला.

"पण... मी तोंड उघडलं की... पाणी आणतात." वहिनी थांबल्या. आम्ही थांबलो. "मला पाणी... नको असतं. तीन महिने... नुसतं पाणी प्याले."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"हितं मी... भांडते." त्यांनी काकांकडे बोट केलं. मग सगळ्यात मोठं भगदाड आलं. टेंपोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. काकांचा पंजा खाली आला नाही. "तिकडं... भांडायला... कोण थांबतं?"

"झालं?" काकांनी विचारलं. वहिनींनी मान हलवली.

मी रडत रडत माझी चूक कबूल केली. बुधवार, रडकं पोर, कपबशी, सगळं. काका ऐकत होते, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही अर्धंच ऐकलंत, डॉक्टरीणबाई. मी तर तेवढंबी ऐकलं न्हाय. घरी ती 'पुण्याला' म्हणायला लागली की मी टीव्ही मोठा करायचो. वाटलं, हिला पोराकडं जायचंय. माझ्याजवळ कंटाळली असंल. ते तिच्या तोंडून ऐकायचं धाडस झालं न्हाय. म्हटलं, न ऐकताच जावं."

"आणि हे शटर?" मला राहवलं नाही. "हे लूमवरूनच आलं ना?"

"लूमचं काम तर आठ वर्षांमागचं," काका म्हणाले. "तवा मी शटर वर करून नाक्यावर ओरडायचो. विचारा शेठला. हिचं बोलणं तुटलं तवा मला ती चिप आठवली. पण एकट्या हिच्यासाठी दार लावलं असतं तर हिला लागलं असतं, की मी अशी झाले म्हणून. मग म्हटलं, सगळ्यांसाठीच लावू. लोक मला येडा म्हणतील. म्हणू दे."

दोन वर्षं. गिऱ्हाईक, टपालवाला, मी, चहावाला, प्रत्येकासाठी दिवसातून वीस वेळा तो माणूस ते जड शटर वर-खाली करत होता, एका बाईला आपण निराळ्या आहोत असं वाटू नये म्हणून. आणि मी त्याला खूळ म्हणत होते. मला तेव्हा जे वाटलं त्याला औषध माझ्या एकाही बाटलीत नाही.

वहिनी काकांकडे बघत होत्या. त्यांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

टेंपो रिकामा करायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट शिव्या टेंपोवाल्याने दिल्या. अन्सारी शेठनी कुठूनसं ऐकून दोन कारागीर पाठवले, त्यांनी कपाट आत आणलं. काका पेटी उघडून बसले. नितीन मात्र गेला नाही. तो बराच वेळ दुकानाच्या पायरीवर उभा होता, घड्याळाकडे न बघता. मग आत आला, स्टूल ओढून आईच्या खुर्चीसमोर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, माझ्याशी पण भांड ना."

वहिनींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग बोलायला तोंड उघडलं.

"तू..." त्या म्हणाल्या.

नितीन थांबला.